आईच्या सांध्यांचं भाकीत

४ मार्च

ज्योतिषीबुवांनी आईला नकार दिला!

ज्योतिषीबुवा म्हणजे आम्ही ऑफिसात बनवत असलेला प्रोग्रॅम. संधिवाताच्या म्हाताऱ्या रुग्णाची माहिती भरायची — वय, सुजलेले सांधे, हाडांची ताकद, दुखणं दहापैकी किती. मग तो सांगतो, स्टेरॉइडच्या लहान डोसानं फायदा किती होईल आणि हाड मोडायचा धोका किती. अजून अभ्यासापुरताच आहे, घरच्यांवर चालवायचा नाही असं ठरलंय. पण आईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुरू करायचं का, ते दोघी मिळून ठरवा." ठरवणार कशाच्या जोरावर? दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा आईची माहिती भरली. फायदा किरकोळ, धोका मध्यम.

घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "बरं." मलाही काही वाटलं नाही.

५ मार्च

दादाचा फोन. "त्यातलं तुला कळतं. तू म्हणशील ती पूर्व." लांब राहणाऱ्यांचं बरं असतं.

९ मार्च

आईनं नळ कोपरानं उघडला. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनंही पाहिलं. मी भांडी पुसत राहिले.

१४ मार्च

शेजारच्या काकूंनी जिन्यात अडवलं. "तू ऑफिसला गेलीस की तुझी आई माझ्याकडे येते, बटणं लावून घ्यायला. डोळ्यांत पाणी असतं तिच्या. एका घरात राहता ना गं तुम्ही?"

मी म्हटलं, मी रोज विचारते, दहापैकी किती दुखतंय. रोज तीन सांगते.

काकू हसल्याच. "मग विचार की, तीनच का!"

विचारलं. आई म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना जेवताना, म्हातारी माणसं आज तीन सांगतात, उद्या आठ, सगळा घोळ करून ठेवतात. म्हटलं, आपल्याच घरातून तुला त्रास नको."

म्हणजे माझ्या सोयीसाठी! आणि तोच तीन मी भरला. हसावं की रडावं — दोन्ही जमलं नाही.

"खरं किती?"

"नऊ," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "पावणेनऊ धर. उगाच जास्त नको."

१५ मार्च

पुन्हा भरलं. फायदा भरपूर. धोका तोच, मध्यम. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

या वेळी आईला दोन्ही बाजू सांगितल्या.

"हाड मोडेल का?"

"मोडू शकतं."

"आणि बटण लावता येईल?"

"बहुतेक."

"मग घेते."

डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली. सोबत हाडांसाठीही एक.

२२ मार्च

केस स्वतः विंचरले!! भांगही सरळ.

२ एप्रिल

आई नाकावर माशी बसू देत नाहीये. "हे घर आहे की गोदाम?" कपाटं आवरून झाली, आता माझी चप्पल कुठे असावी यावर भाषणं. दादाला फोनवर म्हणाली, "तुझ्या बहिणीला साधा झाडू धरता येत नाही." काकूंकडे जाते, पण आता गप्पा मारायला.

मला आनंद व्हायला हवा. होत असावा. भिंतीपलीकडे कुणाचा तरी रेडिओ चालू असतो तसा.

१० एप्रिल

आई पडली. खुब्याचं हाड.

पडदे धुवायला काढत होती. खुर्चीवर चढून! काकूंनी आवाज ऐकला म्हणून कळलं. ऑपरेशन उद्या.

११ एप्रिल

ऑपरेशन झालं. दादा आलाय. मला काही बोलत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

१६ एप्रिल

ऑफिसात सरांना सगळं सांगितलं. परवानगी नसताना आईची माहिती भरली, तेही. रागावले — मग पाणी मागवून माझ्यासमोर ठेवलं. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, इतक्या थोड्या दिवसांत गोळीनं हाड ठिसूळ होत नाही, त्या नुसत्या पडल्या, औषधाशी संबंध नाही.

मी म्हटलं, गोळी नसती तर ती खुर्चीवर चढलीच नसती.

सर म्हणाले, "ते आपण कधी धरलंच नाही." खरंच नाही धरलं. बरं वाटल्यामुळे माणूस पडतो, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि मी तर तिच्याच घरात राहते.

डॉक्टरीणबाईंना सांगणार आहे, गोळी हळूहळू बंद करा. माझ्यामुळे आईचं हाड मोडलं. एवढं कळतंय. पण आत काही हलत नाही. जेवले, झोपलेही.

१८ एप्रिल

आईला म्हटलं, गोळी बंद करू या, माझं चुकलं. तिनं माझा हात धरला — घट्ट, सगळ्या बोटांनी. "जो येतो तो विचारतो, कशा पडलात. अगं, चढले होते ना मी! वरचे हूक काढले या हातांनी, एकूण एक. ते कुणी विचारलं का?"

मी रडले. मोठ्यानं, सगळ्या वॉर्डासमोर. आई म्हणाली, "हळू, लोक झोपलेत."

गोळी चालू ठेवली.