थीटा नसलेला वाण

९ जानेवारी २०२४, कराड

तिसऱ्यांदा मोजलं. फरक नाही!

लॅबमध्ये पीएचडी करणाऱ्या अतिशयच्या नोंदीत प्लेटमागे दीडशेच्या आसपास जीवाणूंच्या वसाहती आहेत. माझ्याकडे आज अकरा. परवा तेरा, त्याआधी नऊ.

डोकं ताळ्यावर राहावं म्हणून नीट लिहून काढते. जीवाणू आपल्या डीएनएची नक्कल उतरवतो तेव्हा अल्फा नावाचं प्रथिन एकेक अक्षर जोडत जातं. एप्सिलॉन मागोमाग तपासतं, चुकलेलं अक्षर छाटतं. तिसरं थीटा — एवढंसं, एप्सिलॉनला चिकटून बसलेलं. ते काढून टाकलं तरी जीवाणूचं फारसं बिघडत नाही. अतिशयचं म्हणणं, एप्सिलॉन मुळातच अधू असेल तर थीटाच त्याला सावरून धरतं. अशा अधू वाणातून थीटा काढलं की चुका दहापटीहून जास्त होतात. चुकीतून बदललेले जीवाणूच औषधाच्या प्लेटवर तग धरतात, म्हणून तिथल्या वसाहती मोजायच्या. चार वर्षं तो हेच मोजतोय. पुढच्या महिन्यात त्याचा प्रबंध जाणार.

आमच्या गाईड मॅडमनी मला फक्त थीटा नसलेल्या वाणाचे त्याचे आकडे पडताळून बघायला सांगितलं होतं.

११ जानेवारी

अतिशयला सांगितलं नाही. त्याच्या समोर बसून डबा खाल्ला. त्याच्या आईने सांगलीहून माझ्यासाठीही धपाटे पाठवले होते. खाल्ले.

१४ जानेवारी, घरी

अण्णांना सांगितलं. वीस वर्षं फौजेत काढून आता ऊस बघतात, त्यामुळे 'वाण' म्हटलं की त्यांना लगेच कळतं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यानं मुद्दाम केलंय, ह्ये तुला कशावरनं?" मी म्हटलं, आकड्यांवरून.

"आदी त्याला इचार. मग वर सांग."

अण्णांना लॅबमधलं काय कळणार, असं वाटलं.

१७ जानेवारी, कराड

मॅडमना सांगितलं. त्याला न विचारता.

१९ जानेवारी

मॅडमनी दोघांनाही बोलावलं. माझे आकडे टेबलावर. अतिशयने ते एकेक करून पाहिले. "मी मोजलं तेच लिहिलंय," एवढंच म्हणाला. मग मला विचारलं — नळीत खरंच थीटा नसलेला वाण आहे ना, तपासलंस का?

"नळीवर लेबल आहे की," मी म्हटलं. कसल्या ठसक्यात म्हटलं!

मॅडमनीही पुढे विचारलं नाही. प्रबंध थांबवला. आकडे बनवले, हा शब्द कुणी उच्चारला नाही. तिघांच्याही डोक्यात तोच होता.

२ फेब्रुवारी

अतिशयने नोंदणी रद्द करायचा अर्ज दिला. वडिलांना शेतीत मदत करणार म्हणे. मॅडमनी त्याच्या वह्या त्यालाच देऊन टाकल्या, नऊ वह्या. एका पिशवीत मावेनात, तर मी माझी दुसरी पिशवी दिली.

दारात थांबून म्हणाला, "तुझे आकडे खरे असतील, राजनंदिनी."

राग नव्हता आवाजात. मी ती कबुली समजले.

२८ फेब्रुवारी

जे केलं ते बरोबरच केलं.

२२ मार्च

मॅडमच्या मते माझा निकाल छापायला पाठवावा — थीटा असो वा नसो, फरक पडत नाही. त्यासोबत प्रत्येक वाणाचा जनुक तपासल्याचा फोटो जोडावा लागतो. म्हणून आज तपासलं.

थीटाचा जनुक जिथे नसायला हवा, त्या वाणाच्या फोटोत त्याचा पट्टा आला, म्हणजे जनुक जागेवरच. ठळक.

पुन्हा केलं. पुन्हा आला.

२३ मार्च

खोक्यातल्या सगळ्या नळ्या तपासल्या. थीटा नसलेला वाण शेजारच्याच खणात आहे. दुसऱ्या नावाने. दोन्ही लेबलं माझ्या अक्षरात.

दिवाळीच्या सुट्टीत फ्रीजर बदलला, तेव्हा बर्फाने अक्षरं पुसली गेली होती. वाचता येईल तशी मी नवीन लिहिली. या दोन नळ्यांची अदलाबदल झाली. म्हणजे मी तीनही वेळा थीटा असलेलाच वाण मोजत होते. अकरा, तेरा, नऊ — बरोबरच येणार होतं.

अतिशयने विचारलं होतं. एका दुपारचं काम होतं ते.

२६ मार्च

खऱ्या नळीतून प्रयोग केला. एकशे अठ्ठेचाळीस.

दोनदा मोजलं.

२७ मार्च

मॅडमना लेखी दिलं — चूक माझी, कशी झाली, कधी झाली. वाचून त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, तपासायला मीही सांगायला हवं होतं. त्याची नोंदणी पुन्हा चालू करण्यासाठी त्या स्वतः विद्यापीठात जाणार आहेत. पण मूळ नोंदी दाखवाव्या लागतील, नऊच्या नऊ वह्या. मी विचारलं, फोन करू का त्याला. "जाऊन सांग," म्हणाल्या.

२८ मार्च, सांगली

अतिशयच्या घरी उभ्याउभ्याच त्याला सगळं सांगितलं. त्याच्या आईने, चंदनबाला काकूंनी, पाण्याचा तांब्या पुढे केला तोही मला घेता येईना. शेवटी म्हटलं, वह्या घेऊन चल, सगळं परत मिळेल.

त्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली.

"मला वाटलं, मोजताना माझंच चुकलं असणार," तो म्हणाला. "तू कशाला खोटं सांगशील?"

वह्या त्याने फेब्रुवारीतच पाणी तापवायच्या बंबात जाळल्या होत्या.