चार बोटं वर

आबा, तुमची रॅकेट धरायची पद्धत चुकीची होती, असं मागच्या आठवड्यात मला सांगण्यात आलं. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली, आणि हे आता कळतंय, तेही भर सकाळी बारा मुलांच्या देखत. सांगणारी मुलगी पंचविशीतली आहे. आमच्या जळगावच्या क्लबाने मोठ्या मुलांसाठी तिला कोच म्हणून आणलंय, पुण्याला रीतसर शिकलेली. स्वभावाने वाईट नाही. ती माझ्या बारक्या पोरांच्या मागून सावकाश फिरली, एकेकाचा हात बघितला आणि म्हणाली, "काकू, बाराच्या बारा जणांनी हँडल चार बोटं वर धरलंय. खालचं सगळं उघडं. एकाचं चुकलं असतं तर मी समजू शकले असते. पण बाराही?"

मी म्हटलं, "चुकलेलं नाही. मी शिकवलंय तसं."

सेक्रेटरी तिथेच चहाचा कप घेऊन उभे होते. "काकू, तुम्ही पोरांना रॅकेट धरायला शिकवता की झाडू?" बेंचावरचे दोघंतिघं हसले. मी म्हटलं, "साहेब, झाडू धरता येणारी माणसं आहेत म्हणून तुमचं कोर्ट आहे." हसणं थांबलं, पण सेक्रेटरींना जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं. रविवारी कमिटीसमोर मुलांना खेळवून दाखवा. बरं वाटलं तर बारक्यांची बॅच तुमच्याकडे राहील, नाहीतर पुढच्या महिन्यापासून सगळीच मुलं नव्या मॅडमकडे. आणि एक फॉर्म हातात दिला, भरून आणा म्हणाले.

ही बॅच गेली तर माझं काय जातं, हे तुम्हाला सुरुवातीपासून सांगायला पाहिजे. कारण तुम्ही असताना मी यातलं काही केलेलं नव्हतं. करायचं धाडसच नव्हतं. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आम्ही दीपनगरला होतो, तुमचे जावई पॉवर हाऊसमध्ये पाळीवर जायचे. कॉलनीत एक कोर्ट होतं, त्यावर फारसं कुणी खेळत नसे. भाजी घेऊन येताना मी तारेच्या जाळीपाशी थांबायची. एकदा त्यांनी विचारलं, काय बघते रोज? मी म्हटलं, रेघा पुसल्या गेल्यात. दुसऱ्या दिवशी पाळीवरून येताना त्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून चुन्याची पिशवी आणली. आमच्या संसारात त्यांनी मला पुष्कळ गोष्टी आणल्या, पण आठवण काढली की मला ती पिशवीच आठवते. मी सुतळी ताणली, चुना कालवला आणि तुम्ही मारायचा तशा रेघा मारल्या, गुडघ्यावर बसून, एका दमात, मागे न बघता. मारून झाल्या तर भोवती कॉलनीतली सहा-सात पोरं. "काकू, आता काय?" मी म्हटलं, आता खेळायचं. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही.

तेव्हापासून मी लहान मुलांनाच शिकवते. पाच वर्षांपासूनची. त्यांना नेट डोक्याइतकं उंच वाटतं म्हणून मी दोन खुर्च्यांना दोरी बांधते आणि तिच्यावर माझं जुनं सुती लुगडं टाकते, ते आमचं नेट. पहिले काही दिवस रॅकेट नाहीच. चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडायचा, मग एक टप्पा पडू द्यायचा आणि दोन्ही हातांनी झेलायचा. डोळे मिटून घेतात पोरं, चेंडू आला की. एकाने मला सांगितलं, "आजी, बॉल माझ्यावर रागावलाय." मी म्हटलं, मग त्याला बघ, बघितलं की त्याचा राग जातो. तुमचे जावई गेले त्याला आठ वर्षं होतील. मी जळगावात दोन खोल्यांत राहते, वाचनालयातून पुस्तकं आणते, संध्याकाळ कशी जाते ते मला कळतं, मिनिटामिनिटाने कळतं. पण सकाळी साडेसहा ते आठ मी कुणाच्या मागे राहिलेली बाई नसते. पोरं मला टेनिस आजी म्हणतात. तेवढा दीड तास जाणार होता.

फॉर्म घेऊन मी घरी आले ती रागातच. राग त्या मुलीवर नव्हता. तुमच्यावर होता, आणि तो जुना आहे.

मी दहा वर्षांची आहे. धुळ्याच्या क्लबात तुम्ही मार्कर आहात, म्हणजे कोर्ट राखायचं, रेघा मारायच्या, नेट बांधायचं, आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही की समोर उभं राहून त्याचे फटके परतवायचे. उन्हाळ्याची सुट्टी आहे म्हणून मी तुमच्याबरोबर येते. सकाळी आपण दोघांनी शेणकाला करून कोर्ट सारवलंय, ते आता वाळून घट्ट झालंय. चार वाजायला आलेत. तुम्ही चेंडू आणायला आत गेलात. खुर्चीवर कुणाची तरी रॅकेट राहिलीय. मी ती उचलते, रेघेच्या आत जाऊन उभी राहते, नेटच्या कडेला पडलेला एक चेंडू घेते, टप्पा देते आणि मारते. कसा आवाज झाला तो मला आजही ऐकू येतो. चेंडू नेटवरून गेला, आबा. पलीकडे जाऊन दोन टप्पे पडला आणि जाळीला टेकला. मी वळले तर तुम्ही दारात उभे. तुम्ही सगळं बघितलं होतं.

"ठेव ते. खाले ठेव." तुम्ही ओरडला नाहीत. जवळ आलात, माझ्या हातातून रॅकेट घेतलीत, पदराने पुसावी तशी सदऱ्याने तिची मूठ पुसलीत आणि जशी होती तशी खुर्चीवर ठेवलीत. "आपन रेघा मारानं, माय. रेघास्ना मझार उभं ऱ्हावानं नई." रेघा मारायच्या, त्यांच्या आत उभं राहायचं नाही. मग गोणपाट घेतलंत आणि माझ्या पायांचे ठसे पुसत, उलटं चालत, शेवटी स्वतःचेही ठसे पुसत तुम्ही कोर्टाबाहेर आलात. साहेब लोक आले तेव्हा कोर्टावर कुणी चालून गेल्याची खूणही नव्हती.

तुमची नोकरी होती, हे मला कळतं. तेव्हाही कळलं असेल. तुम्ही मारलं नाहीत, हेही मी विसरले नाही. पण चेंडू गेला होता, आबा. पहिल्याच फटक्यात. बाकी सगळं बोलला असतात आणि शेवटी हळूच "गेला बरं का" एवढं म्हणाला असतात, तर माझी पुढची कितीतरी वर्षं वेगळी गेली असती असं मला वाटतं. तुम्ही म्हणाला नाहीत. म्हणून माझ्या बॅचला एकच नियम आहे. कुणाचाही चेंडू लुगड्यावरून पलीकडे गेला की बाराही जणांनी ओरडायचं, "गेला!" रेघेत पडला की बाहेर, ते नंतर. शेजारच्या बंगल्यातले आजोबा तक्रार करतात, सकाळी सकाळी कोण गेलं म्हणून दचकायला होतं. मी त्यांना सांगितलं, सवय करून घ्या.

शिकवलं मात्र तुम्ही नाही. मी त्या दिवसानंतर जाळीच्या बाहेर बसायला लागले. तुम्ही साहेबांशी खेळायचा आणि मी तुमचा हात बघायची, साहेबांचा नाही. घरी आल्यावर मोरीपाशी कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन तसाच हात फिरवायची. आई विचारायची, कुणाला झोडपते? शाळा सातवीला सुटली, पण क्लबाच्या रद्दीतून तुम्ही जी मासिकं आणायचा ती मी अक्षर अक्षर लावून वाचली. पुढे कधीतरी वाचनालयात टेनिस शिकवण्याचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. शब्दकोश शेजारी घेऊन सबंध हिवाळा मी ते वाचलं. त्यात रॅकेट धरलेल्या हाताचं चित्र होतं, हात हँडलच्या अगदी टोकाला. मला वाटलं, चित्र काढणाऱ्याचं चुकलं. खरंच वाटलं तसं. तुमचा हात मी इतका बघितला होता की छापलेल्या पुस्तकाचं ऐकायची मला गरज वाटली नाही.

त्या दुपारी फॉर्म टेबलावर ठेवून मी भिंतीवरून तुमची जुनी लाकडी रॅकेट काढली. आई गेल्यावर घरातून मी तेवढीच आणली होती. हरल्याच्या रागात कुणा साहेबांनी आपटली, मूठ तुटली, आणि तुम्ही नवीन लागलेले म्हणून ती तुम्हाला दिली, हे आई सांगायची. तुटलेलं टोक तुम्ही करवतीने कापून सारखं केलंत आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीत. तिच्यावर तुम्ही शिकलात. मी तिच्या टोकाला हात लावला, शेजारी माझी आताची रॅकेट ठेवली आणि मोजलं. तुमची बरोबर चार बोटं आखूड. पुढे चांगल्या, अख्ख्या रॅकेट हातात आल्या तरी तुमच्या हाताला तेवढीच मूठ माहीत होती. म्हणजे कुणा साहेबाच्या रागामुळे तुमचा हात वर गेला, तुमच्यामुळे माझा गेला, आणि माझ्यामुळे दीपनगरपासून जळगावपर्यंत किती पोरांचा. मी एकटी बसून हसले. मग रडले, पण थोडंच.

त्यानंतर तीन दिवस मी हात खाली आणायचा प्रयत्न केला, पोरं यायच्या आधी, भिंतीवर चेंडू मारत. नाही जमलं. पण दुसरी एक गोष्ट दिसली. पोरांच्या हातातली रॅकेट मोठ्यांची आहे. पाच वर्षांच्या मनगटाला ती पेलत नाही, टोकाला धरली की पुढून जमिनीकडे झुकते. चार बोटं वर धरली की पेलते. म्हणजे माझी लहान पोरं बरोबर होती आणि त्यातली मोठी पोरं चुकत होती. चूक कुठे थांबवायची, ते मला कळलेलं नव्हतं.

रविवारी कमिटी सावलीत खुर्च्या टाकून बसली. मी लुगडं बांधलं. बारक्यांनी एकेक करून खेळून दाखवलं, सात जणांचे गेले, तिघांचे लुगड्यात अडकले, एकीने रॅकेट टाकून चेंडू हाताने झेलला आणि टाळ्यांची वाट बघत उभी राहिली. मग मी नशिराबादहून येणारी मुलगी पुढे बोलावली. ती आठ पूर्ण आहे, माझ्याकडे तीन वर्षं आहे, मारताना जीभ बाहेर काढते. सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, हात खाली घे, अगदी टोकाला.

"आजी, खाली धरली की जड होते."

"होऊ दे. आता तू मोठी झाली."

तिने जीभ बाहेर काढली आणि मारला. चेंडू लुगड्यावरून, मागच्या रेघेवरून, थेट जाळीवर जाऊन आदळला. पोरं ओरडली, "गेला!"

"आउट आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"पण गेला ना!" ती म्हणाली.

मी त्या नव्या कोचला म्हटलं, "आठ वर्षांच्या पुढे तुझं बरोबर आहे. तेवढं माझं चुकत होतं, इतकी वर्षं चुकलं. त्याच्या आतल्यांचा हात वरच राहील."

ती म्हणाली, "लहानांसाठी लहान रॅकेट मिळतात, काकू."

"मिळतात ना. क्लबाने आणल्या की त्याच दिवशी मी सगळ्यांचे हात खाली आणीन. तोवर पोरांनी काय मनगटं मोडून घ्यायची?"

ती हसली आणि सेक्रेटरींकडे बघून म्हणाली, "आठपर्यंतची काकूंकडेच राहू द्या. मला झेपणारही नाहीत." मला ते आवडलं नाही, कुणी माझ्या वतीने बोललेलं. पण बॅच राहिली. ती नशिराबादची मुलगी तेवढी तिच्याकडे गेली.

सेक्रेटरींनी फॉर्म मागितला. तो मी आदल्या दिवशीच भरला होता. प्रमाणपत्र या रकान्यात मी पट्टी लावून एक सरळ रेघ मारली होती, तुम्हाला आवडली असती. त्याखाली होतं, प्रशिक्षण कोणाकडे घेतले. तिथे मी लिहिलं होतं, वडिलांकडे, धुळे.

"वडील कोच होते?"

"मार्कर होते."

"आणि त्यांनी मुलीला शिकवलं? त्या काळात?"

"हो."

"स्वतः?"

"हो म्हटलं ना, साहेब."

त्या दिवशी पोरं गेल्यावर शिपाई गोणपाट घेऊन आला. मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी ओढ, आज राहू दे. बारा जणांच्या बुटांचे ठसे आणि मधे माझ्या चपलांचे, सगळं संध्याकाळपर्यंत तसंच होतं. मी मुद्दाम जाऊन बघून आले.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. घडी करून तुमच्या रॅकेटच्या खोळीत ठेवीन. आबा, तुम्ही मला एक दिवसही शिकवलं नाही. मी कागदावर खोटं लिहिलं आणि खाली सही केली, आणि कुणी पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन. तुमच्यावर उपकार म्हणून नाही, तुम्हाला माफ केलं म्हणूनही नाही. फक्त सही करताना क्षणभर मला ते खरं वाटलं होतं, एवढं कबूल करते.