भाऊबीजेची झोळी

नागपूर,
२२ सप्टेंबर २०२५

ती. दादास बकुळचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे धडधाकट आहोत. फोनवर तू दोनदा बरं बरं म्हणतोस आणि फोन सूनबाईच्या हातात देतोस, म्हणून हा कागद. त्याच रुचाकडून कळलं की कार्तिकी पौर्णिमेला तू क्षेत्रसंन्यास घेणार. म्हणजे मरेपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही. अरे, मला एका शब्दाने विचारलंस? वहिनी गेल्यापासून तीन वर्षं तू गल्लीबाहेर पडला नाहीस, ते मी गिळलं. आता संकल्प करून बाहेर पडणार नाहीस! मग मला भाऊ भेटायचा कुठे आणि कधी?

तर ऐक. यंदा भाऊबीजेची ओवाळणी मी मागून घेते. साडी नको, पाकीट नको, दोन रात्री दे. मिर्झापूरच्या पुढे माझ्या मैत्रिणीचं, शरदिनीचं, मोहाचं रान आहे. दोन झाडांमध्ये झोळी बांधायची, तीत झोपायचं, चूल पेटवून रांधायचं. साठाव्या वर्षी मला हे खूळ लागलंय आणि मी तीनदा जाऊन आले. यज्ञेश्वरराव म्हणतात की बायको माकड झाली. होऊ दे झाली तर.

सामान स्वस्तात कसं जमवायचं ते कळवते. लोभ आहेच, यंदा तो जरा वेशीबाहेर आण.

तुझी,
बकुळ


दूधविनायक, वाराणसी,
२८ सप्टेंबर

चि. सौ. बकुळ हिस नरहरचे अ. उ. आशीर्वाद.

सदुसष्टाव्या वर्षी मी झाडाला लटकायचं? वटवाघूळ आहे का मी? आणि वेशीबाहेर काही बरंवाईट झालं, तर उभ्या जन्माचा काशीवास पाण्यात. हसू नकोस, मला खरोखर भीती वाटते. तुझी वहिनी इथे गेली, मलाही इथेच जायचं आहे.

पण बहिणीने ओवाळणी मागितली आणि भावाने नाही म्हटलं, असं आपल्या घरात झालेलं नाही. तेव्हा येतो. अट एकच, उधळपट्टी नको. रुचाने मोबाइलवर दाखवलेल्या झोळीची किंमत ऐकून मला ठसका लागला. आईचं जुनं नऊवारी पेटीत आहे, आपण दोघं त्याच्याच झोळीत वाढलो, तेच बांधतो. चाकूऐवजी विळी आणतो. काडेपेटीचं तर नावच नको, अप्पांची अरणी आहे. शमी-पिंपळाची लाकडं दोरीने घुसळून यज्ञाचा अग्नी काढायचा, हे मी पाठशाळेत तीस वर्षं शिकवलं आहे.

यज्ञेश्वररावांस नमस्कार. माकडाला सांभाळा म्हणावं.

नरहर


नागपूर,
४ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

विळीवर बसून रानात काय कांदे चिरणार आहेस? साधी, एका हातात मावेल अशी सुरी आण. आणि आईचं नऊवारी घडीवर विरलंय, तू आत बसलास की टर्र होईल. पॅराशूटच्या कापडाची साधी झोळी घे. महागड्या झोळीत रंग जास्त असतात, झोप तेवढीच लागते. झाडाला बांधायला ट्रकवाले माल आवळतात तसले रुंद पट्टे आण. बारीक दोरी खोडाला कापते. वर ताडपत्री, भोवती मच्छरदाणी. गार वारा खालून लागतो, म्हणून पाठीखाली गोधडी. सरळ लांबायचं नाही, तिरकं झोपायचं, म्हणजे पाठ सपाट राहते. आधी गच्चीवर चार दिवस सराव कर.

अरणीचं नाव काढलंस म्हणून लिहिते. मी दहा वर्षांची होते. दोरी ओढू द्या म्हणून अप्पांच्या मागे लागले, तर मुलींनी हात लावायचा नाही म्हणून मला उठवलं. तू दोरी ओढत होतास आणि दात काढत होतास. पन्नास वर्षं झाली, माझा राग गेलेला नाही.

रागासकट तुझीच,
बकुळ


दूधविनायक,
१२ ऑक्टोबर

ती. आत्यांस रुचाचा शि. सा. न.

आत्या, घरात मोठं कांड झालं आहे. तुम्ही गच्चीवर सराव सांगितलात. आमच्या गच्चीवर झाड कुठलं? म्हणून बाबांनी बांबूची चौकट उभी करायचं ठरवलं. आता बनारसमध्ये बांबू, सुतळी आणि पांढरं कापड एका जागी, स्वस्तात कुठे मिळतं, तुम्हीच सांगा! बाबा स्नान करून येताना सरळ मणिकर्णिकेच्या गल्लीतल्या दुकानात शिरले.

दुकानदार ओळखीचा. त्याने हळूच विचारलं, कोणासाठी. बाबा म्हणाले, माझ्याचसाठी. त्याने लांबी विचारली. बाबा म्हणाले, माझ्याच मापाची, पण मजबूत हवी, भाऊबीजेला लागणार आहे. बिचाऱ्याने डोळे पुसले, भाव उतरवला आणि वर एक मडकं फुकट दिलं. बाबा इतके खूश की विचारू नका. घासाघीस न करता सवलत मिळाली म्हणून मला दोनदा सांगितलं, आणि पूजेला बसले.

तेवढ्यात दुकानाच्या माणसाने सगळं सामान आमच्या दाराला आणून टेकवलं. झालं! गल्लीत हां हां म्हणता बातमी. शेजारच्या गीताकाकू रीतीप्रमाणे पिठलं-भाताचं पातेलं घेऊन रडत आल्या. पाठशाळेतले विद्यार्थी खांदा द्यायला आले. गर्दी कसली म्हणून बघायला बाबा सोवळ्यातच बाहेर आले, तर काकूंनी अशी किंकाळी फोडली की घाटावरची कबुतरं उडाली. पिठलं-भात मग बाबांनीच खाल्ला, दोनदा वाढून घेतला, वर तिखट कमी आहे म्हणाले.

आम्ही हसून लोटपोट. पण दुपारपासून बाबांचं एकच चाललंय. म्हणतात, ही विश्वनाथाची सूचना आहे, वेस ओलांडायची नाही. मी मागवलेली स्वस्तातली झोळी आणि पट्टे तसेच पडलेत. आत्या, कुछ कीजिए ना.

तुमची,
रुचा


नागपूर,
१६ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

ज्याने स्वतःच्या मयताचं पिठलं दोनदा वाढून घेतलं, त्याला आता कसली रे भीती? सूचना असलीच तर सरळ आहे. रडणं झालं, जेवण झालं, एवढं सगळं उरकून तू जिवंत आहेस.

एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. पस्तीस वर्षांत तू माझ्या घरी दोनदा आलास. मला तुझी फार आठवण येते. मोक्ष तुला मिळेलच, तो तुला चुकत नाही. मला भाऊ हवा आहे, दोन रात्री. तेवीस तारखेला मी मोहाखाली ओवाळणीचं ताट घेऊन उभी राहीन. तू आला नाहीस तर झाडाला ओवाळीन.

बकुळ


नागपूर,
२७ ऑक्टोबर

चि. सौ. रुचास अनेक आशीर्वाद.

तुझे सासरे काय सांगतील कोण जाणे, म्हणून खरी हकीकत मी कळवते. तुझा नवरा निनाद त्यांना रानात पोचवून परतला तेव्हा दादाचा चेहरा परीक्षेला बसवल्यासारखा होता. धोतर सावरत झोळीत बसला आणि पलीकडच्या बाजूने धप्पकन खाली. शरदिनी हसली, मी हसले. मग तोही इतका हसला की त्याला उठवायला दोघी लागलो. वहिनी गेल्यानंतर मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं गं.

आदल्या दिवशी पाऊस झालेला, लाकडं ओलीकिच्च. शरदिनीकडे ठिणग्या पाडायची महागडी कांडी, वादळातही न विझणारा लायटर, सगळं. धूर निघाला, चहा काही होईना. दादा बराच वेळ बघत होता. मग त्याने पिशवीतून अरणी काढली, नारळाचा काथ्या पिंजून ठेवला, लाकूड वरून दाबून धरलं आणि दोरीची दोन्ही टोकं माझ्या हातात दिली. म्हणाला, ओढ बकुळ, अप्पांना मी सांगेन.

मी ओढली. हात भरून आले, घाम आला, तरी ओढली. काथ्यात लाल ठिपका दिसला तेव्हा मी दहा वर्षांच्या पोरीसारखी नाचले. चहा धुरकट झाला होता, आम्ही तीन तीन कप प्यायलो. दोरी मी गुपचूप माझ्या पिशवीत टाकून आणली आहे, त्यांना सांगू नकोस.

तुझी,
आत्या


दूधविनायक,
६ नोव्हेंबर

चि. सौ. बकुळ हिस अ. उ. आशीर्वाद.

काल कार्तिकी पौर्णिमा. भोसले घाटावर क्षेत्रसंन्यासाच्या संकल्पाला बसलो. हातात पाणी घेतलं आणि गुरुजींना विचारलं, वर्षातून दोन दिवस, फक्त भाऊबीजेला, सूट मिळते का. ते म्हणाले, असं शास्त्रात नाही. मग मी ते पाणी तुळशीला घातलं आणि उठलो. भीती अजून आहे. पण तुझी आठवण येते, हे मलाही एकदा लिहायचं होतं, ते लिहिलं.

येताना बांबू परत घेतोस का विचारायला मणिकर्णिकेच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, गुरुजी, आमच्याकडे गेलेला माल परत घेत नाहीत, असू द्या, पुढेमागे लागेल. मी म्हटलं, बराच पुढे. गच्चीवर ते बांबू उभे करून रुचाने त्यांच्यावर सेमीचा, म्हणजे आपल्या वालाचा, वेल चढवला आहे. मडक्यात तुळशीचं रोप लावलं. शेंगा गीताकाकूंना आधी द्यायच्या, असं ठरलं आहे, त्यांचं पिठलं फिटायला हवं.

घरात अरणीची दोरी शोधून सगळे थकले. रुचा नाही नाही म्हणताना फार हसत होती, तेव्हा चोर कळला. असू दे, तुझ्याकडेच ठेव. पुढच्या भाऊबीजेला बरोबर आण, ओढायला तूच लागशील.

तुझा,
दादा