जोडीदाराची नळी

बाबा, आज नवीन नळी आली. अंगणात खाटेवर मोकळी सोडली आहे आणि मी तिच्याकडे बघत बसलो आहे. तुम्हाला यातलं काही माहीत नाही, म्हणून आधी सांगतो. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी आणि लहाना पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्यात उतरायला लागलो. तलावाच्या गेटमध्ये लाकूड अडकलं, दार बसेना, की ठेकेदार आम्हा दोघा भावांना बोलावायचा. सिलिंडरच्या तोंडाशी रेग्युलेटर बसतो आणि त्यातून रबराच्या नळ्या निघतात. एक आपल्या तोंडात. एक हवा किती उरली ते दाखवणाऱ्या काट्याला. आणि एक जोडीदारासाठी, त्याची हवा बंद पडली तर त्याला द्यायला. ही शेवटची नळी किती लांब असावी आणि अंगावर कशी बसवावी, एवढंच मला तुमच्याशी बोलायचं आहे. दुसऱ्या कोणाशी बोलता येत नाही.

चोरखमाऱ्याच्या तलावात तुम्ही आम्हाला बुडी मारायला शिकवलीत. कमळाच्या देठांत अडकलेलं जाळं तुम्ही एका दमात सोडवून वर यायचात. मला तो दिवस दिसतो. मी करदोड्याला सुतळीने चाकू बांधून उतरतो आहे आणि तुम्ही डोंग्यातून ओरडता, "काऊन रे, पाण्यात जाऊन रायला का वरातीत? हे काय लोंबून रायलं?" मी म्हणतो, "चाकू होय बाबा, जाळं कापाले." तुम्ही हात लांबवून सुतळीच तोडता. "पाण्यात अंगाले काही लोंबू द्याचं नाही. देठ धरते त्याले. मंग बसशीन खालीच." लहान्याने हे ऐकलं आणि लंगोटसुद्धा डोंग्यात टाकून उडी मारली. तुम्ही इतके हसलात की डोंगा हलायला लागला. तुम्हाला तसं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

म्हणून नागपूरच्या दुकानात आम्हाला विचार करावा लागला नाही. दुकानदाराने दोन तऱ्हेच्या नळ्या काढल्या. एक आखूड आणि एक माणसाहून लांब. "जोड़ीदार के लिए लंबा वाला ले लो भैया," तो म्हणाला. लहान्याने ती हातात धरून वर केली. "एवढा लंबा कायले? म्हशीले बांधाचा हाय का?" दुकानदारही हसला. आम्ही आखूड घेतल्या. घरी येऊन सायकलच्या ट्यूबचे गोल काप केले आणि त्या कड्यांनी सगळ्या नळ्या सिलिंडरला आणि छातीला घट्ट आवळल्या. कुठे बोटभर नळीही लोंबती राहिली नाही. आणि खरं सांगतो, बाबा, तुमचं बरोबरच होतं. वर्षानुवर्षं देठांतून, शिंगाड्याच्या वेलांतून आम्ही मासळीसारखे निघून यायचो. एकदाही अडकलो नाही.

मग ते तुडुम आलं. बांधाखालून शेताला पाणी सोडायची जुनी मोरी, एका वेळी एकच माणूस सरपटत जाईल एवढी. आत ओंडका बसला होता, त्याला दोर लावायचा होता. लहाना सडपातळ, म्हणून तो पुढे. मी मागे, त्याचा पाय धरून. पाणी चहासारखं, हात दिसत नाही. एकाएकी पुढून बुडबुड्यांचा लोट आला आणि त्याचा पाय माझ्या हातात झटके द्यायला लागला. त्याची तोंडातली नळी मुळाशी, रेग्युलेटरपाशी, फुटली होती आणि सिलिंडरची सगळी हवा तिथूनच निघून चालली होती. ट्यूबच्या कड्याने ती तिथेच दुमडून धरली होती, आणि पडलेली चीर त्याच कड्याखाली झाकलेली, आम्हाला कधी दिसलीच नाही. मी माझी जोडीदाराची नळी उपसून पुढे केली. ती त्याच्या कमरेपर्यंत पोचली. त्याला वळायला जागा नाही, मला पुढे सरकायला जागा नाही. मी ती त्याच्या कमरेला टेकवून धरली, जणू माणूस कमरेतून श्वास घेतो. मग पाय धरून मागे ओढत राहिलो. बाहेर काढला तेव्हा पाय झटके देत नव्हता.

समुद्रावर काम केलेल्या एका माणसाने नंतर मला समजावलं. अरुंद जागेत दोघं एकामागे एक असतात, तिथे लांबच नळी लागते. ती काखेखालून छातीवर घेऊन मानेमागून फिरवून आपल्याच तोंडात धरायची. मुळाशी तिला सैल वळण ठेवायचं, आवळायचं नाही. जोडीदाराला आपल्या तोंडातलीच द्यायची आणि गळ्यात अडकवलेली दुसरी, आखूड, आपण घ्यायची. मी त्याला विचारलं, ती लोंबत नाही का? तो म्हणाला, थोडी लोंबते, तेवढी लोंबू द्यावी लागते. एवढंच. एवढ्या साध्या गोष्टीत माझा भाऊ गेला.

आई आता बोलत नाही फारशी. एकदाच विचारलं तिने, चुलीपुढे भाकर थापता थापता, माझ्याकडे न बघता. "तुह्या नळीत हवा होती ना? मंग लहान्याले काऊन नाही देली?" मी म्हटलं, "पुरली नाही, आई." तिला वाटलं, हवा पुरली नाही. मी तसंच वाटू दिलं. नळी पुरली नाही म्हटलं असतं, तर ती कोणी निवडली, आखूड का निवडली, तेही सांगावं लागलं असतं. मग मला तुमचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि या घरात तेवढं एकच नाव धड उरलं आहे.

ठेकेदार म्हणतो, परत ये, जोडीला दुसरा माणूस देतो. म्हणून ही नळी मागवली. पण ती अंगावर चढवून द्यायला पुढे हात केला की तिथे कोणी नसतं. पूर्वी उतरण्याआधी पाणी कपाळाला लावून मी दोघांसाठी श्वास मागायचो. आता सकाळी देवापुढे बसतो, हात जोडतो, आणि काय मागायचं ते सुचत नाही. देवावर राग नाही. तुमच्यावर धरायचा प्रयत्न केला, तोही धरवत नाही. स्वतःवरही थकून गेलो आहे.

हे कागद मी कुठे पाठवणार? घडी घालून ठेवून देईन. पण एक कबूल करतो, बाबा. तुमचा पत्ता असता तर यातलं काहीच लिहिलं नसतं. चार ओळी लिहिल्या असत्या, की आम्ही सगळे बरे आहोत, आणि लहानाही बरा आहे.