असील की असेल?

१६ जून, सोमवार

कोंबडी आली! आमच्या न्हाणीत!

अडुसष्ट वर्षं शाकाहारात काढली, चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, धायरीत घर बांधलं ते शांतता मिळावी म्हणून. आणि आज मागच्या न्हाणीत कोंबडी. समोरच्या दुर्गाबाईंची. भंडाऱ्याहून टोपलीत घालून आणली, तर घरमालक गॅलरीत ठेवू देईना. "दोन दिवस ठेवता का, भाऊ?" मी हो म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कोणत्या जातीची?

"असील."

"असेल म्हणजे? तुम्हालाच नक्की माहीत नाही?"

"असेल नाई जी, असील! जुनी जात हाय आमच्याकडची. अस्सल."

मुद्रितशोधकानं इतकं तोंडावर पडू नये.

१७ जून, मंगळवार

कोंबडी पिसं फुलवून बसून आहे, जवळ गेलं की चोचीनं हाणते. आजारी आहे असं सांगायला गेलो. दुर्गाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "आजारी कायची? खुडूक झाली ते." म्हणजे अंडी उबवायला बसायचंय तिला. लगेच टोपलीत भुसा, भुशावर भंडाऱ्याहूनच आणलेली अकरा अंडी, अंड्यांवर बाईसाहेब. दोन दिवसांचे एकवीस दिवस झाले. मला कुणी विचारलं? नाही.

बसवण्याआधी अंड्यांवर पेन्सिलीनं आकडे घातले, १ ते ११. "कायले?" म्हणाल्या. सवय, म्हटलं.

२० जून, शुक्रवार

दुर्गाबाई सकाळ-संध्याकाळ येतात. दाणे, पाणी, चौकशी. चौकशी कोंबडीची.

हल्ली मी रोज दाढी करतो. उन्हाळ्यात एक दिवसाआड करायचो. दमट हवा आहे, दुसरं काही नाही.

२४ जून, मंगळवार

आज अंडी तपासली. अंधार हवा म्हणून भर दुपारी न्हाणीचं दार लावून घेतलं. गल्लीत काय चर्चा झाली असेल ती झाली! माझा हात थरथरत होता (वय), म्हणून दुर्गाबाईंनी मनगट धरलं आणि मोबाइलच्या बॅटरीवर अंडं टेकवलं. आत तांबड्या बारीक रेषा, मधे एक ठिपका. हलला! जिवंत ठिपका मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

४ आणि ९ रिकामी निघाली. बाकी नऊ भरली. मनगट नवव्यालाही धरलं आणि अकराव्यालाही धरलं.

बायको गेली, वासंती, त्याला नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत या घरात कुणी माझा हात धरला नव्हता. लिहून टाकतो, ही वही कोण वाचणार आहे! मला दुर्गाबाई आवडतात.

२ जुलै, बुधवार

एक अडचण आहे. त्या मला "भाऊ" म्हणतात. तिकडे सगळ्यांनाच म्हणतात, हे कळतं मला. दूधवालाही भाऊ, रिक्षावालाही भाऊ. पण मी रिक्षावाला नाही ना!

कधीकधी शेवटी "जी" लावतात. "बसा ना भाऊ जी." आता हे सोडून लिहायचं की जोडून? सोडून लिहिलं तर मी भाऊ. जोडून लिहिलं तर भाऊजी, म्हणजे निदान मेहुण्यात बसतो. अर्धा तास यावर विचार केला. अडुसष्टाव्या वर्षी!

८ जुलै, मंगळवार

फुटली!! १, २, ३, ५, ६, ८, १०, ११. आठ पिल्लं. ओली, लटपटणारी, सगळ्या जगावर ओरडणारी. दुर्गाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही. चष्म्यावर वाफ होती.

सातवं अजून बंद. आत बारीक चिवचिव चालू आहे.

९ जुलै, बुधवार

कोंबडी आठ पिल्लं घेऊन उठून चालती झाली. सातवं तसंच टाकून! मी ते टेबलावर आणलं आणि वाचायच्या दिव्याखाली ओल्या फडक्यावर ठेवलं. एवढीशी भेग पडली होती. नखानं सोलावंसं वाटत होतं. चूक दिसली की हात शिवशिवतातच आमचे.

"हात लावू नका!" दुर्गाबाई. "सोललं तर रक्त येते. त्याचं त्याले येऊ द्या."

साडेचारपर्यंत दोघं टेबलाशी बसून होतो. चहा दोनदा झाला. मग टोपण उघडावं तसं कवच उघडलं आणि पिल्लू माझ्या शब्दकोशावर येऊन पडलं.

नाव ठेवलं काकपद. ओळीत राहून गेलेला शब्द आत घालायला आम्ही जी खूण करतो, ती. दुर्गाबाईंना समजावून सांगितलं. "म्हणजे उशिरा आलेलं," म्हणाल्या. तेच.

१४ जुलै, सोमवार

काकपद माझ्याच मागे फिरतं. संडासाच्या दारापर्यंत. पेपर वाचायला बसलो की पायजम्याच्या घोळात शिरून झोपतं.

दुर्गाबाई: "काहो भाऊ, तुम्ही तर माय झाले याची!"

माय म्हणा, मावशी म्हणा. भाऊ तेवढं नको.

२२ जुलै, मंगळवार

योगेश आला होता. दुर्गाबाईंचा मुलगा, वडील लहानपणीच गेले, कंपनीत शिफ्टवर असतो, गुणी आहे, अक्कल जरा कमी. पिल्लांचे फोटो काढता काढता म्हणाला, "काका, यंदा राखीला आईचं मामांकडे जाणं होत नाही, मला सुट्टीच नाय. तर ती तुम्हालाच बांधेल. सॉर्टेड!"

सॉर्टेड म्हणे!

एकदा का राखी बांधली की संपलं. मग मी कायमचा भाऊ, सोडून लिहा नाहीतर जोडून लिहा. जेवण गेलं नाही. काकपदानं भाकरी खाल्ली.

२ ऑगस्ट, शनिवार

बोका आला होता! पत्र्यावरून थेट पिल्लांत उडी. मी ओरडलो, चप्पल फेकली, ती शेजारी पडली. पण आमची असील! मान ताठ, पाय पुढे, अशी झेपावली की बोका परत दिसला नाही. नऊच्या नऊ शाबूत. काकपद मात्र आईकडे न जाता माझ्या पायात शिरलं. छाती अजून धडधडते आहे. माझी.

दुर्गाबाई धावत आल्या, अनवाणी. आधी मला विचारलं, "तुम्हाले लागलं नाई ना?" मग पिल्लं मोजली.

आधी मला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

प्रेमलाचा फोन, माझी धाकटी बहीण. शनिवारी सकाळी राखी बांधायला येते म्हणाली. म्हटलं, तू बांध आणि मला घेऊन चल, दिवसभर तुझ्याकडे बिबवेवाडीला राहतो. "का रे दत्ता? दर वर्षी तर जेवायलाही येत नाहीस!" पिल्लांनी डोकं उठवलंय, म्हटलं. तिनं विश्वास ठेवला नाही. लहानपणापासून ठेवत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

संध्याकाळी दाणे टाकता टाकता दुर्गाबाईंनी विचारलं, "उद्या घरीच हाय ना?"

बिबवेवाडीला जाणार आहे, असं म्हणायचं होतं. आठ वेळा पाठ केलं होतं! तोंडातून निघालं, "हो, आहे ना."

बांधू दे. नाही म्हटलं तर दुखावतील, आणि येणंच बंद करतील. भाऊ होऊन का होईना, रोज दारात दिसतील. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

९ ऑगस्ट, शनिवार

प्रेमला बांधून गेली. अकराला दुर्गाबाई आल्या, ताट घेऊन, वर रुमाल. मी पाटावर बसलो, टोपी घातली, डोळे मिटून हात पुढे केला. काहीच होईना. डोळे उघडले तर ताटात नारळीभात.

"राखी?" मीच विचारलं. गाढव!

"ते योगेशनं ठरवलं होतं. मले कोणी विचारलं?" त्या भात वाढत होत्या, वर बघत नव्हत्या. "तीन भाऊ हायेत मले भंडाऱ्याले. चौथा कायले करू?"

भात दोनदा मागून घेतला.