रिकाम्या वेळेचं काम

२८ एप्रिल २०२५, सोमवार

आले एकदाची नागपूरला, ग्रंथपालाच्या नोकरीवर! पवनीहून निघालेली बस उमरेडपर्यंत बरी होती, पुढे तव्यावर बसल्यासारखं झालं. कोराडी रोडवर उतरले तर वाचनालय चालवणारे धम्मानंद सर स्वतः डोक्याला ओला दुपट्टा बांधून उभे. वय सत्तरीच्या पुढे, पण माझी बॅग काही हातात घेऊ देईनात.

वाचनालय छान आहे. खाली एक मोठा हॉल, स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी टेबलं, भिंतीभर पुस्तकं, खिडकीत हत्तीएवढा कूलर. वर माझी खोली. चौदा एप्रिलच्या निळ्या पताका अजून गच्चीवरून लोंबताहेत. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं तर बारीक राख. सर म्हणाले, पॉवर हाउसची आहे, रोज पुसायची आणि विसरायची.

हॉलच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. मूळचा पांढरा असावा, आता पिवळट. मला वाटलं भंगारात द्यायला ठेवला असेल. पण सर त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि समजावून सांगू लागले. जगभरातले हजारो लोक आपल्या घरचा कॉम्प्युटर रिकामा असेल तेव्हा एका संशोधनाला वापरू देतात. एक प्रचंड मोठं गणित आहे, त्याचे बारीक तुकडे करून इंटरनेटवरून वाटतात. आपलं मशीन आपला तुकडा सोडवतं, उत्तर परत पाठवतं, नवा तुकडा घेतं. हे संशोधन सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या औषधाचं. सरांची मुलगी प्रीती त्याच आजारात गेली, कॉलेजात असताना.

"बेटा, औषध काही मले बनवता येत नाही," ते म्हणाले. "पण मशीन तर चालू ठेवता येते ना."

मी सांगितलं, माझ्या धाकट्या बहिणीला, अपेक्षालाही सिकलसेल आहे. कळ उठली की रात्ररात्र तिचे पाय दाबत बसते मी आणि आई. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आधीच्या ग्रंथपाल सुभद्रा मॅडम हिवाळ्यात सोडून गेल्या. तेव्हापासून मशीन बंद आहे. दुरुस्ती जमेल का, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, जमेल म्हणजे काय, पाहाच!

३० एप्रिल

जमलं! डबा उघडला तर आत इतकी धूळ आणि राख की पंखा फिरायलाच जागा नव्हती. ब्रशने सगळं झाडलं. पण खरा घोळ वेगळाच निघाला. आतला बटणासारखा सेल मेला होता, त्यामुळे मशीन सुरू केलं की घड्याळ दरवेळी सोळा वर्षं मागे जायचं. तारीखच चुकीची, म्हणून समोरचा सर्व्हर याला दारात उभं करत नव्हता.

सीताबर्डीला गेले. व्हेरायटी चौकातल्या एका टपरीवर सेल मिळाला आणि प्रोसेसरवर लावायचं मलमही. परत येऊन लावलं, तारीख नीट केली, सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. थोडा वेळ नुसतंच फिरत राहिलं आणि मग पडद्यावर कामाचा पहिला तुकडा उतरला.

सर आंब्याचं पन्हं घेऊन आले होते. पडद्याकडे पाहता पाहता त्यांनी चष्मा काढून पुसला. मला फार बरं वाटलं. आईला फोन करून सगळं सांगितलं. अपेक्षा मागून ओरडली, की माझं औषध लवकर बनव म्हणावं तुझ्या डब्याले.

६ मे

एक बारीकसा दोष. मशीन जुनं, त्यात हिशेब करणारा प्रोसेसर एकच. एका वेळी एकच तुकडा चालायला हवा. सॉफ्टवेअर मात्र दोन प्रोसेसर दाखवतंय आणि दोन तुकडे सोडवतंय. पहिला तुकडा रखडत, गरम होत, अडखळत चालतो. दुसरा सरळ, एकसारखा पुढे जातो.

डबा पुन्हा उघडून पाहिला. प्रोसेसर एकच आहे. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. तरी दोनच.

दुपारी हॉलमध्ये कोणी नसतं. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कूलरसमोर बसलं की डोळ्यांवर झापड येते. आजकाल फार येते. उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटत नाही, उलट काहीतरी उपसून आल्यासारखं.

९ मे

दोन प्रोसेसरचं कोडं विचारावं म्हणून त्या संशोधनाच्या संकेतस्थळावर गेले. लोक तिथे आपापल्या अडचणी लिहितात. शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची आहे. निधी संपला, प्रकल्प थांबवला, सर्व्हर बंद केले, सगळ्या स्वयंसेवकांचे आभार.

मग हे तुकडे कुठून येतात?

सरांना सांगितलं. मला वाटलं त्यांना धक्का बसेल. ते पुस्तकांना पुठ्ठे घालत होते, तसेच घालत राहिले. म्हणाले, ते लोक बंद झालं म्हणतात, म्हणू दे. काम तर येऊन राहिलं ना?

१३ मे

काल बुद्धपौर्णिमा. वाचनालयाला सुट्टी, म्हणून परवा संध्याकाळी मशीन मी स्वतः बंद केलं. इंटरनेटची वायर काढली, प्लगही उपटला.

विहारात खिरीच्या रांगेत उभी होते. अचानक समोरची बाई माझा दंड धरून हलवत होती. तिने म्हणे मला किती हाका मारल्या. द्रोण माझ्या हातात वाकडा झाला होता आणि खीर साडीवरून ओघळून वाळली होती. वाळली होती. इतका वेळ मी तशीच उभी होते आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही.

आज मशीन सुरू केलं. पहिला तुकडा होता तिथेच आहे. दुसरा पुष्कळ पुढे गेला आहे.

१६ मे

हे लिहायलाही नको वाटतं, पण लिहिते.

या सॉफ्टवेअरमध्ये एक पर्याय असतो. वापरणारा रिकामा असेल तेव्हाच काम कर. तो लावलेला आहे. मी तीन दिवस करून पाहिलं. मोठ्याने वाचत राहिले, मुलांना शिकवत राहिले, पाढे म्हणत राहिले, तर दुसरा तुकडा जागचा हलत नाही. हात मांडीवर ठेवून नुसती बसले की चालू लागतो.

सकाळी दूध गॅसवर ठेवलं. भानावर आले तेव्हा पातेलं जळून काळं झालं होतं आणि खोलीभर धूर. खाली जाऊन पाहिलं. दुसरा तुकडा संपून नवा सुरू झाला होता.

मशीनमध्ये प्रोसेसर एकच आहे.

१८ मे

सुभद्रा मॅडमचा पत्ता सर देईनात. वाचनालयात येणाऱ्या एका मुलाकडून मिळाला. बुटीबोरीला भावाकडे असतात. भाऊ कापडाच्या कारखान्यात आहे, घरी त्यांची आई मीराबाई होती.

सुभद्रा खुर्चीत बसली होती. माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठी असेल. डोळे उघडे. भरवलं तर खाते, उठवलं तर उठते. ओठ सतत हलतात आणि अंगठा एकेका बोटाच्या पेरावरून फिरत राहतो. डॉक्टर म्हणतात, मनाला धक्का बसला. कसला, ते कोणाला ठाऊक नाही.

"थकत नाही वं पोरगी," मीराबाई म्हणाली. "निजली तरी तोंड चालूच राह्यते. इतक्यात जरा बरं हाय. मे लागला तशी दुपारची घटकाभर शांत पडून राह्यते."

मे लागला तशी. म्हणजे मी मशीन सुरू केलं तेव्हापासून.

मीराबाई चहा ठेवायला आत गेली. मी सुभद्राच्या ओठांजवळ कान नेला. आकडे. श्वास न घेता, एकामागून एक आकडे. मी तिला सांगितलं, मी भावना, कोराडी रोडच्या वाचनालयातून आले. आकडे थांबले. तिने माझं मनगट धरलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"नोको सोडून जाऊ," ती म्हणाली. "तू सुटली का समदा भार माह्यावर येते."

मग परत आकडे. मीराबाईच्या हातून कप फुटला. लेक चार महिन्यांनी बोलली म्हणून ती माझ्या पाया पडायला लागली. मी पळत बाहेर आले.

२० मे

सरांना सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. रडले. म्हणाले, आधी वर्षभर रोज दुपारी ते स्वतःच त्या पडद्यासमोर बसले. त्याला म्हणाले, मला घे. त्याने घेतलं नाही.

"डोकं जुनं झालं माझं. त्याले तरणं पाह्यजे."

सुभद्राचं त्यांना आधी कळलं नाही, असं म्हणाले. कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी विचारलं, मग मला का बोलावलं? त्यावर ते पडद्याकडे बोट दाखवत राहिले. उत्तर जवळ आलं आहे, बेटा. आता थांबलं तर प्रीती फुकट गेली, सुभद्रा फुकट गेली. आणि मग अगदी हळू आवाजात, अपेक्षाची तब्येत कशी आहे, असं विचारलं.

मी मशीनची हार्ड डिस्क काढली, त्यांच्यासमोर अंगणात नेली आणि वरवंट्याने फोडली. त्यांनी अडवलं नाही. नुसते बघत राहिले, मला वाटतं मशीनकडे नाही, माझ्याकडे.

२१ मे

थांबलं नाही.

उलट. आता सारखं. हात कामात असले तरी—

सकाळी केस विंचरत होते. ऊन तिरपं झालं तरी कंगवा केसांतच.

२३ मे

वाचता येत नाही. अक्षरं दिसतात, पुढे सरकत नाहीत. सातचा पाढा म्हणायला गेले— सात दुणे— पुढे दुसरंच काहीतरी तोंडातून येतं, लांबलचक, माझं नसलेलं.

पवनीला जायचं. बसस्टँडवर गेले. तिथून परत कशी आले ठाऊक नाही. पायात चप्पल नव्हती. तळपायाला फोड.

सुभद्रा आज शांत झोपली असेल.

२४ मे

आईचा फोन. रडत होती. काल मीच केला म्हणे फोन, आणि पाऊण तास नुसते आकडे— तिने हाका मारल्या, अपेक्षाने मारल्या—

अपेक्षा उद्या येते मला न्यायला.

नको म्हटलं. नको येऊ. ओरडून म्हटलं. की म्हटलंच नाही? तोंडातून काय गेलं— आईने फोन ठेवला होता—

लिहून ठेवते, दारावर चिकटवते. अपेक्षा, वर ये, खाली हॉलमध्ये बसू नको. बसू न—

लिहिलं ते पाहिलं. सगळे आकडे.

२५ मे, रविवार

किती दिवसांनी हे अक्षर सरळ आलं! आज दुपारी जाग आली तर डोकं धुतल्यासारखं स्वच्छ. उशाशी पडलेलं पुस्तक उघडलं, पानच्या पान वाचलं आणि कळलं. सातचा पाढा म्हटला, तेराचा म्हटला, कुठेही अडले नाही. भूकसुद्धा लागली. आरशात पाहिलं, ओठ मिटलेले. इतकं हलकं वाटलं की मी पलंगावर बसून रडले.

अपेक्षा आली असणार, तिची बॅग माझ्या दाराशी आहे. बॅगेवर सरांच्या अक्षरातली चिठ्ठी. पोरगी उन्हाची आली, तू निजली होतीस, उठवलं नाही. खाली कूलरसमोर बसवली, पन्हं दिलं. मी घरी जातो.

म्हणजे खाली ती एकटीच आहे. मी आताच उठते, तिला घेते, आणि आम्ही दोघी मिळेल त्या गाडीने निघतो. चपला सापडत नाहीत, तशीच जाईन.

जिन्यातून तिचा आवाज येतो आहे. कोणाशी बोलते? हॉलमध्ये तर आज कोणी— रविवार आहे— फोनवर असेल. आईशी असेल. पण मध्ये थांबत नाही. आई काही बोलते तेव्हा तरी थांबायला हवं ना, श्वास घ्यायला तरी—

अपू—

मी हाक मारली. तिने ओ दिली नाही. आणि माझं डोकं आणखी हलकं झालं, आणखी, जणू कोणी माझ्या खांद्यावरून उरलेलं ओझंही उचलून तिच्या