उराशी बांधलेली पुरचुंडी

२० फरवरदीन
पोचलो एकदाच्या! फूमनपासून वाटभर पूरान खेचरावर बसून गात होती. पाच वर्षांच्या पोरीला चिखलाचीसुद्धा जत्रा वाटते. रेशमाच्या मालकीण गोहरबाई, मशहदची यात्रा केलेल्या म्हणून सगळे मश्दी म्हणतात, त्यांनी दारातच वाफाळता भात आणि खारा मासा पुढे केला. म्हणाल्या, "आधी पोटात घाल, तोंड मग चालव." म्हातारी फटकळ आहे, पण आवडली मला. काम सोपं: रेशीमकिड्यांची अंडी पुरचुंडीत बांधून अंगाच्या उबेवर उबवायची. नीट फुटली तर तुतीच्या बागेजवळची खोली आम्हा मायलेकींची. पूरानचे वडील गेल्यापासून तीन घरं झाली, आता पुरे.

ताकीद एकच. पुरचुंडी सदऱ्यावरून बांधायची, उघड्या अंगाला नाही. का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "शहाणपण रश्तलाच ठेवून यायचं होतंस, ताहेरा."

२३ फरवरदीन
भिंतीवर तांबड्या कमरेचा किडा होता. चिरडणार, तोच मश्दीबाईंनी हात धरला आणि फुंकर मारून त्याला उडवला. चिरडला की कातडी भाजते म्हणे. याची मादी अंगातलं विष अंड्यांना देते. अंडं तोंडात धरलेला कोळी ते थुंकून पळतो. "आईच ती," म्हणाल्या, "आणखी काय देणार?"

२५ फरवरदीन
दोन दिवस गार पाऊस. पुरचुंडी थंड लागली. अंडी मेली तर खोली गेली. सदऱ्याच्या आत, उराशी घट्ट बांधली. कापडाच्या शिवणीत चार पिवळे दाणे चिकटले होते. रेशमाची अंडी राखाडी असतात. ही मागे पडलेली असतील म्हणून राहू दिली.

२७ फरवरदीन
मुंग्या माझं अंथरूण सोडून जातात. डास पूरानला फोडून काढतात, मला नाही. पूरान चिडून म्हणाली, आई, तू त्यांना आवडत नाहीस. आज मनगटावर कोळी चढला, थबकला, झटक्याने मागे फिरला. हसू आलं. मग थांबलं.

२९ फरवरदीन
पूरान दुपारी माझ्या कुशीत झोपली. उठली तर गालावर भाजल्यासारखा लाल पट्टा, त्यात फोड. मी अंथरूण झटकलं, किडा मिळाला नाही. मश्दीबाईंनी आधी तो गाल पाहिला, मग मला. पुरचुंडी कुठे बांधतेस, म्हणाल्या. सदऱ्यावरून, म्हटलं. धडधडीत खोटं.

३० फरवरदीन
खरं सांगितलं. त्या दोन पावलं मागे सरल्या.
पुरचुंडी सोडली. रेशमाची अंडी काळी पडली आहेत, सगळी. पिवळे दाणे कापडात नाहीत. उरावर आहेत. ओळीने, कातडीत रुतून. चार होते, आता मोजवत नाहीत. मश्दीबाई चिमटा घेऊन पुढे आल्या आणि मी त्यांच्या अंगावर धावून गेले. मी! त्यांच्या बोटांना फोड आले.

३१ फरवरदीन
खोली नको मला आता. पूरान मश्दीबाईंकडे झोपते. आईला ताप आहे, असं सांगितलंय तिला. भिंतीपलीकडून ओरडून विचारते, ताप उतरला का गं?
उतरला नाही, राणी.

१ उर्दिबेहेश्त
रेशीमकिडे ठेवतात त्या मचाणावरच्या खोलीत कोंडून घेतलंय. कडी बाहेरून मश्दीबाईंनी लावली, मीच सांगितलं. आत काहीतरी हलतं. त्यांना ऊब हवी. ती हलली की बरं वाटतं— लाज वाटते लिहायला, पण बरं वाटतं—

२ उर्दिबेहेश्त
सकाळ. मश्दीबाई पानं तोडायला गेल्यात.
शिडी वाजतेय. पूरान. गालाला लोणी लावलंय म्हणते, आता भाजणार नाही, एकदाच कुशीत घे.
जा म्हटलं. ओरडले. तिला खेळ वाटला, हसतेय—
कडी हलतेय. तिचा हात पुरतो कडीला. कधी एवढी उंच झाली—
पाठ भिंतीला लावली. तोंडात कडू पाणी येतंय—
उघडलं. हात पसरून उभी आहे. माझी पूरान. माझ्याकडे येतेय.
नाही. माझ्याकडे नाही. अंड्यांकडे. ती अंड्यांकडे ये—